कॉन्सर्ट एकट्याने ऐकता येते, परतीचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार. मी २८ वर्षांचा, नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत प्रेस शॉपला सुपरवायझर आहे. गाण्याचं वेड आहे मला, म्हणजे लाइव्ह गाण्याचं, इअरफोनवर माझं भागत नाही. कॉलेजात आमचा पाच जणांचा ग्रुप होता, सुलाफेस्ट, पुण्याचं वीकेंडर, मुंबईला तर कुठे कुठे, जनरल डब्यात दाराशी उभं राहून जायचो आणि सकाळी परत यायचो. आता एक दुबईला, एक बंगळुरूला, दोघं नाशकातच पण एकाचं बाळ लहान आणि दुसऱ्याला लग्नानंतर वेळ नाही. दीड वर्ष कुठेच गेलो नाही. शेवटी मागच्या महिन्यात एकटाच बाइकवर मुंबईला गेलो, साडेचार हजारांचं तिकीट काढून. तिथे सगळे ग्रुपमध्ये, मी फूड स्टॉलजवळ मोबाइल बघत उभा. ज्यांच्यासाठी गेलो त्यांची निम्मी गाणी झाली आणि बाहेर पडलो. रात्री परत येताना कसाऱ्याच्या पुढे डोळा लागला, गाडी साइडपट्टीवर उतरली, वाचलो. घरी सांगितलं नाही. दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. वडील वारकरी आहेत, पखवाज वाजवतात, ते म्हणतात पैसे देऊन उभं राहायचं आणि कान फोडून घ्यायचे ह्यात कसलं आलंय गाणं. आई म्हणते लग्न कर, सुटेल. नाशकात तर काहीच नाही, साडेदहाला गाव झोपतं. एकट्याने जाणं वेड्यासारखं आहे का? पुण्याला नोकरी बघून शिफ्ट व्हावं का? की आता वय गेलं म्हणून सोडूनच द्यावं?
— एक कानसेन, सिडको

उत्तर :

अरे मित्रा, बाकी सगळं नंतर, आधी त्या बाइकचं बोलू. तू "वाचलो" एवढं एका शब्दात लिहून पुढे गेलास आणि मी तिथेच अडकले, पत्र दोनदा खाली ठेवलं. पावणेदोनशे किलोमीटर बाइक, मग तासन् तास उभं राहून एवढ्या आवाजात, मग तेवढंच अंतर परत, तेही रात्री, घाटात ट्रकांच्या मधून. समृद्धी आता पार आमण्यापर्यंत झालाय पण त्यावर टू-व्हीलरला परवानगीच नाही, म्हणजे बाइकवाल्याला तोच जुना कसारा घाट. आणि झोप काही मनाच्या जोरावर थांबत नाही रे, चहा पिऊन तोंडावर पाणी मारून फार तर थोडी पुढे ढकलता येते. तेव्हा ह्यापुढे कॉन्सर्टला बाइक नाही, एवढं मला कबूल कर. हा सल्ला नाही, हट्ट आहे माझा, मोठ्या बहिणीचा समज.

आता तुझा प्रश्न. एकट्याने जाणं वेड्यासारखं अजिबात नाहीये, पण मला वाटतं तुझं दुखणं वेगळ्याच जागी आहे. तुझंच पत्र परत वाच. जुन्या दिवसांबद्दल लिहिताना तू एकाही बँडचं नाव लिहिलं नाहीस, एकही गाणं नाही, तू लिहिलंस जनरल डबा, दाराशी उभं राहणं, सकाळी परत येणं. मला ते वाचून लगेच कळलं कारण माझंही तेच होतं, फक्त मला कळायला पंधरा-वीस वर्षं लागली.

मी अकरावीत असताना बाबा मला पहिल्यांदा पुण्याला सवाईला घेऊन गेले. भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या आठवणीत १९५३ साली सुरू केलेला महोत्सव, आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळात होतो, तेव्हा रमणबागेत असायचा आणि शेवटची रात्र उजाडेपर्यंत चालायची. बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये, म्हणजे सरकारी छापखान्यात होते, घरात फार बोलायचे नाहीत, ड्युटी, पेपर, जेवण, झोप, बस. आम्ही सतरंजी, दोन शाली आणि आईने दिलेल्या दशम्या घेऊन गेलो, थंडी मरणाची, मी निम्मी रात्र झोपले आणि निम्मी जागी होते, कोणी काय गायलं ते आज मला धड सांगता येणार नाही. पण सकाळी शिवाजीनगरहून नाशिकची एसटी पकडली आणि बाबा बोलायला लागले ते थांबेचनात. मंचर गेलं, नारायणगाव आलं, बाबा बोलतायत. खिडकीच्या लोखंडी दांडीवर बोटांनी विलंबित एकताल, म्हणजे बारा मात्रांचा संथ ताल धरला आणि दाखवायला लागले की गायक कुठून निघाला, कुठे वाटलं की आता हा चुकला, आणि मग "हा बघ, हा आला, धिं!" म्हणून दांडीवर अशी थाप मारली की पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून बघितलं. रात्रभर गवयासमोर बसून मला सम, म्हणजे ताल फिरून परत येतो ती पहिली मात्रा, कळली नव्हती ती संगमनेर यायच्या आत एसटीत कळली. माझं सवाई ते आहे, ती दांडी.

आणि मग तिशीत मी एकटीने जायला लागले. लोअर परळला ब्ल्यूफ्रॉग म्हणून जागा होती, २००७ला सुरू झालेली, आता बंद झाली, तिथे एक रात्र असा सॅक्सोफोन ऐकला की मी तीन तास जागची हलले नाही, एकही ओळखीचं माणूस नव्हतं आणि खरं सांगते एक क्षणही एकटं वाटलं नाही. मग दादरला आले, नाशिकच्या शेअर टॅक्सीत बसले, सोबतचे सगळे अनोळखी, शहापूर यायच्या आत सगळे झोपले. आणि माझ्या आत ते सगळं उसळतंय, त्याने तो सूर कसा लांबवला, ड्रमर मध्येच कसा थांबला, आणि सांगायला कोणी नाही. घोटीच्या पुढे मला रडू आलं अंधारात. गाणं वाईट होतं म्हणून नाही ना, इतकं चांगलं होतं म्हणून.

म्हणून म्हणते, एकटेपणा कॉन्सर्टमध्ये कमी असतो आणि परतीच्या वाटेवर जास्त, आणि तुला तो फूड स्टॉलपाशीच जाणवला कारण तुला आतून माहीत होतं की हे ऐकून झाल्यावर बोलायचं कोणाशी. त्या दिवसानंतर मी एक ठरवलं, तिकीट काढायच्या आधी ऐकणारा ठरवायचा. माझी एक मैत्रीण आहे जळगावला, ती स्वतः कुठे जाऊ शकत नाही, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पण तिला मी परत येताना गाडीतून व्हॉइस नोट पाठवते, दहा-दहा बारा-बारा मिनिटांच्या, कुजबुजत, शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून. ती सकाळी पोळ्या करताना ऐकते आणि उलट प्रश्न विचारते. तुझ्या त्या बाळवाल्या मित्राला विचार. तो येऊ शकत नाहीये ह्याचं त्यालाही वाईट वाटत असणारच, आणि बाळाला घेऊन रात्री तीनला फेऱ्या मारणाऱ्या माणसाला तुझ्या व्हॉइस नोटइतकी चांगली सोबत नाही. "चल ना यार" म्हणून त्याला ओशाळं करू नको, "जाऊन येतो, तुला सांगतो" म्हण. दुबईवाल्यालाही पाठव. ग्रुप मोडला असं तू धरून चाललायस, पण बघ, फक्त डबा बदललाय.

आता एकट्याने जायची पद्धत, कारण ती खरंच शिकावी लागते. लवकर जा. मोठ्या फेस्टिव्हलला दुपारचे पहिले एक-दोन बँड असतात ना ज्यांना ऐकायला पन्नास माणसं असतात, तिथे जा, कारण त्या पन्नासातले बरेचसे तुझ्यासारखे एकटे आलेले असतात, ग्रुपवाले संध्याकाळी येतात. आणि उभं कुठे राहायचं ते सांगते, ही गोष्ट मला एका साउंडवाल्या पोराने सांगितली. स्टेजच्या बरोबर समोर, बरंच मागे, मैदानाच्या मध्यावर एक मांडवासारखं असतं, तिथे साउंड इंजिनिअर मिक्सर घेऊन बसतो. बँडचा सगळा आवाज तो तिथे बसून स्वतःच्या कानाने जुळवतो, म्हणजे गिटार किती, गायकाचा आवाज किती, किक ड्रम (पायाने वाजवायचा तो मोठा ड्रम) किती हे त्या जागेवर जसं ऐकू येतं तसं पार पुढच्या बॅरिकेडला कधीच येत नाही, तिथे सबवूफरचा मारा आणि गायकाचे शब्द गायब. त्या मांडवाच्या कठड्याला टेकून जे उभे असतात ते ऐकायला आलेले असतात, त्यांचे मोबाइल खिशात असतात. मी आजवर ज्या तीन-चार अनोळखी माणसांशी आपणहून बोललेय ती सगळी तिथेच भेटली, आणि बोलणं सुरू व्हायला "हा बासवाला कसला वाजवतोय" एवढं एक वाक्य पुरतं.

आणि तुझाही मोबाइल खिशात ठेव बाबा. तू स्टॉलपाशी मोबाइल बघत होतास म्हणजे तू गाणं ऐकत नव्हतास, आपण कसे दिसतोय ते बघत होतास. कोणी बघत नसतं रे. बिअर-बिअर घ्यायची तर बेताने घे, टॉयलेटच्या लाइनीत अर्धा सेट जातो आणि परतीचा प्रवास असतोच.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर तुमच्यासाठी एक जास्तीचं, लाइव्ह लोकेशन एकाच विश्वासाच्या माणसाला देऊन ठेवा, पॉवर बँक पूर्ण चार्ज केलेली घ्या आणि परतीची गाडी तिथे गेल्यावर शोधू नका, घरूनच ठरवून निघा. मी पंधरा वर्षं एकटी फिरतेय ती ह्या तीन गोष्टींवर.

परतीचं गणित तू समजतोस तेवढं अवघड नाहीये. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्याप्रमाणे उघड्या मैदानावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देता येते. म्हणून महालक्ष्मी रेसकोर्सवरचं लोलापलूझा घे नाहीतर जानेवारी २०२५ ला नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन शो झाले ते घे, गेट दुपारी उघडतं आणि १० च्या सुमारास सगळं आटोपतं. सवाईची उजाडेपर्यंतची रात्रही ह्याच नियमांमुळे गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं, पण नाशिकच्या माणसाला ह्यात एक सोय आहे की १० ला तू मोकळा असतोस. जाताना पंचवटी एक्सप्रेस आहेच सकाळची. येताना नेरूळहून ट्रान्स हार्बरची लोकल सरळ ठाण्याला आणते, ठाण्या-कल्याणहून रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या नाशिकरोडला थांबतात, त्यांचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि कॉन्सर्टची तिकिटं तर त्याच्याही आधी येतात. म्हणजे ज्या दिवशी कॉन्सर्टचं तिकीट काढलंस त्याच दिवशी मोबाइलमध्ये रिमाइंडर लाव, बर्थ घ्यायचा म्हणून. नाहीच मिळाला तर स्टेशनजवळ डॉर्मिटरीत एक बेड घे, झोप, पहाटेची कसारा लोकल पकड, कसाऱ्याहून नाशिकच्या शेअर गाड्या मिळतात. बेडचे जे काही पैसे जातील ते तिकिटाचाच भाग धर. साडेचार हजार गाण्याला दिले आणि जीव वाचवायला सात-आठशे जड झाले असं व्हायला नको.

आणि कोणी इन्स्टावर स्वस्तात तिकीट देतो म्हणून क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट पाठवला तर घेऊ नको. तोच स्क्रीनशॉट त्याने अजून चार जणांना विकलेला असू शकतो, गेटवर जो पहिला पोचेल तो आत. माझ्या भाच्याचं असंच झालं, गेटबाहेर उभं राहून पूर्ण शो ऐकला बिचाऱ्याने.

कानाची गोष्ट मात्र तू खूपच हलक्यात घेतलीयेस. प्रेस शॉपमध्ये शिरताना तू इअर प्लग घालतोस ना, नव्या पोराने घातले नाहीत तर त्याला ओरडतही असशील. मग तोच माणूस मैदानात स्पीकरच्या भिंतीसमोर तसाच कसा उभा राहतो? हिशोब असा आहे की ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास चालतो, आणि दर ३ डेसिबल वाढले की ती वेळ निम्मी होते, ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, असं करत १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. आणि कॉन्सर्टमध्ये १०० म्हणजे काही विशेष नाही. आपल्या कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या थकल्या की शिट्टी वाजते आणि मेल्या की परत येत नाहीत, माणसाला त्या पुन्हा उगवत नाहीत. तुझी शिट्टी दोन दिवस टिकली म्हणजे कानाने चांगलंच बजावलंय. कंपनीत दरवर्षी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी होत असेल तर मागचे दोन-तीन रिपोर्ट काढून शेजारी शेजारी ठेवून बघ, होत नसेल तर एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन करून घे. कारण तुझ्या कानाला आठवडाभर कंपनीचा आवाज आणि वर रविवारी हा, दोन्ही मिळून मोजावे लागतात. म्युझिशियन वापरतात ते इअर प्लग मिळतात ऑनलाइन, फोमवाले घातले की गाणं रजईखालून आल्यासारखं ऐकू येतं तसं ह्यात होत नाही, सगळा आवाज सारखा खाली येतो आणि शब्द उलट जास्त स्पष्ट लागतात. ते घे. तू कानसेन म्हणवतोस ना, मग कान हेच तुझं वाद्य आहे.

पुण्याला शिफ्ट व्हायचं म्हणतोस तर नोकरीसाठी जा, जरूर जा, पण कॉन्सर्टसाठी नको. वर्षातून तू जाणार सहा-सात वेळा. त्यासाठी तीनशे साठ दिवस रूमचं भाडं, ट्रॅफिक आणि मेसचं जेवण. आणि पुण्यात राहणाऱ्या माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांचं सवाई हाकेच्या अंतरावर असून होत नाही, कारण उद्या जाऊ, उद्या जाऊ. लांबून येणाऱ्याला ते उद्या नसतं.

आणि नाशकात काही नाही हे मला खरंच लागलं रे. विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी दरबारातलं आणि देवळातलं गाणं बाहेर काढून सौराष्ट्रात सगळ्या लोकांसमोर म्हटलं, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते शेवटच्या वर्षांत आपल्या पंचवटीत येऊन राहिले, त्यांचा रामनाम आधार आश्रम इथला. त्यांचा मुलगा दत्तात्रेय, म्हणजे आपले डी. व्ही. पलुस्कर, १९२१ साली नाशकात जन्मले आणि अवघ्या ३४व्या वर्षी गेले, त्यांची भजनं वडिलांना लावून दाखव एकदा. सामान्य माणसाने तिकीट काढून किंवा न काढता गाण्याला जाऊन बसावं हे ज्यांच्यामुळे सोपं झालं त्या माणसाच्या गावात आपण राहतो. कालिदास कलामंदिर आहे, कुर्तकोटी सभागृह आहे, कुसुमाग्रज स्मारक आहे, इथे वर्षभर काही ना काही चालू असतं, पन्नास-शंभर माणसांत, आणि गवई तुझ्यापासून पंधरा फुटांवर. सुलाफेस्टही पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५च्या फेब्रुवारीत परत झालं. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना ढोल पथकांचा सराव असतो, एखाद्या संध्याकाळी तिथे जाऊन नुसता उभा राहा, चाळीस ढोल एका टोल्यावर पडले की छातीत जे होतं त्यासाठी तू मुंबईला साडेचार हजार देतोस. प्लग मात्र तिथेही घाल.

गाव साडेदहाला झोपतं हे खरंय, ते मी नाकारणार नाही. रात्री अकराला कॉलेज रोडवर चहा मिळाला तर मिळाला. पण नाशिक पहाटे जागं होतं. दिवाळीच्या पाडव्याला पिंपळपारावर पहाटेच्या अंधारात माणसं येऊन बसतात, गवयाचा तंबोरा लागेपर्यंत आकाश उजळायला लागतं, मग तिथून लोक मिसळीला जातात आणि मिसळ खाता खाता गाण्यावर बोलतात. बघ म्हणजे, परत तेच. ऐकून झाल्यावरचं बोलणं.

आईचं म्हणशील तर लग्न केल्याने हे सुटत नाही, माझं सुटलं नाही. मुलगी बघायला जाशील तेव्हा पहिल्या भेटीतच सांग की मी गाण्याला जातो, कधी एकटा जातो, रात्री बाहेर असतो. पुढचं सोपं होतं.

वय गेलं का असं विचारतोस, त्याचं उत्तर तुझ्या घरातच आहे, आणि आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते हेच. तुझे वडील पखवाज वाजवतात. एकादशीला जागर असतो, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते, ते जातातच असणार, रात्र रात्र उभ्याने भजन, डोक्यावर कर्णा, आणि पहाटे कसे परत येतात? टेम्पोत, सगळे टाळकरी एकत्र. आणि येताना काय बोलतात ते ऐकलंयस कधी? अमक्याने चाल वर धरली, तमका ठेक्याला मागे पडला, तो गवळणीला काय रंगला होता. त्यांनाही रात्रभर आवाजात उभं राहायला आवडतं, तुलाही. फरक एवढाच की त्यांचा टेम्पो अजून भरलेला आहे आणि तुझा रिकामा झाला.

तुझे वडील पखवाजाच्या धुमेला, म्हणजे त्याच्या डाव्या तोंडाला, कणीक लावतात ते नीट बघ एकदा जवळ बसून. कणीक सैल मळतात, अंगठ्याने थापतात, एक थाप मारून ऐकतात, पुन्हा चिमूटभर काढतात, पुन्हा थाप. तो मांडवातला साउंड इंजिनिअर किक ड्रमचं जे करत असतो ना बटणं फिरवून, तेच तुझे वडील चिमूटभर कणकेने करतात. हे त्यांना सांग. "कान फोडून घेता" ह्यावर वाद घालू नको, कारण त्या बाबतीत ते बरोबर आहेत, तुझी शिट्टी साक्षीला आहे. इअर प्लग दाखव त्यांना, आणि सांग की तुम्ही म्हणालात म्हणून घेतले.

त्यांना मुंबईच्या मैदानात ने असं मी म्हणत नाहीये, नाही आवडणार कदाचित, पाय दुखतील. पण पुढच्या एकादशीला तू त्यांच्यासोबत जा, टेम्पोत बसून परत ये. आणि पुढच्या कॉन्सर्टहून पहाटे घरी पोचशील, तेव्हा वारकऱ्याचं घर ते, वडील उठलेले असतीलच, चहाचं आधण ठेवलेलं असेल. तेव्हा गुपचूप खोलीत जाऊन झोपू नको. बूट काढ, त्यांच्यासमोर बस, ड्रमरने काय केलं ते ओट्यावर वाजवून दाखव, ठेका किती मात्रांचा होता ते तुला नाही कळलं तर त्यांना विचार, ते मोजतील. मग मला कळव काय म्हणाले.